इटलीतल्या व्हिला बागा: उन्हाळ्यात जा, फक्त दुपारी नको

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी! जून-जुलैमध्ये रोमला निघालेल्या माणसाला जो तो बजावतो, "बागा-बिगा बघू नका, करपून जाल. म्युझियममध्ये जा, तिथे एसी असतो." यातला करपण्याचा भाग खरा आहे, पारा 35 च्या वर सहज जातो. पण रोमच्या आसपासच्या जुन्या व्हिला बागा बांधल्या गेल्या त्याच मुळी उन्हाळ्यासाठी. सोळाव्या शतकात रोमचा उन्हाळा म्हणजे उकाडा, डास आणि मलेरिया. ज्यांची ऐपत होती ते कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे बडे धर्मगुरू, आणि उमराव सरळ डोंगर गाठायचे. तेव्हा बाग हाच त्यांचा एसी होता, आणि तो चालायचा कसा हे कळलं की बाग कधी बघायची तेही आपोआप कळतं.

[दृश्य: तिवोली, दरीच्या उतारावरची बाग]

हे तिवोली, रोमच्या पूर्वेला साधारण 30 किलोमीटरवर. 1550 मध्ये कार्डिनल इप्पोलितो द एस्ते इथे गव्हर्नर म्हणून आला. एका पोपची मुलगी लुक्रेझिया बोर्जिया, तिचा हा मुलगा, गडगंज श्रीमंत, आणि पोप व्हायची जबर हौस! तो योग काही आला नाही. राहायला मिळाला एक जुना मठ. मग या माणसाने वास्तुकार पिर्रो लिगोरिओला हाताशी धरलं, खालच्या उतारावरची लोकांची घरं पाडली, आनिएने नदीचं पाणी गावाच्या पोटातून सुमारे 600 मीटर बोगद्याने आणलं आणि उभी केली व्हिला द एस्तेची बाग. 50 हून जास्त कारंजी, आणि पंप एकही नाही. पाणी वरून येतं, उताराने खाली जातं, त्या दाबावरच सगळं उडतं. 2001 पासून ही बाग युनेस्कोच्या यादीत आहे.

[दृश्य: शंभर कारंज्यांची वाट, कॅमेरा भिंतीजवळ]

ही 'चेंतो फोंताने', शंभर कारंज्यांची वाट. एका बाजूला लांबच लांब भिंत, तीन ओळींत पाणी. वरच्या ओळीत दगडी गरुड आणि लिलीची फुलं, खाली प्राण्यांची तोंडं. जवळ जाऊन बघा, कितीतरी तोंडांची नाकं-डोळी शेवाळाने पार पुसून टाकली आहेत, राहिलीय ती फक्त पाण्याची धार. इथे उभं राहिलं की अंगाला जो गारवा लागतो तो उगाच नाही. रोमचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत बारीक तुषारांची वाफ होते आणि हवा गार पडते. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको, वाळ्याच्या कूलरचं तत्त्व तेच. मुंबईच्या दमट मे महिन्यात कारंज्यासमोर तासभर उभे राहिलात तरी फक्त ओले व्हाल.

आता माझं सगळ्यात आवडतं, ऑर्गनचं कारंजं. वाजवणारा माणूस नाही आणि वीजही नाही, तरी वाद्य वाजतं. पाणी वरून पडताना सोबत हवा ओढून नेतं. खालच्या बंद खोलीत पाणी आणि हवा वेगळी होतात. हवा दाबाने वाद्याच्या नळ्यांमध्ये शिरते. पाणी बाहेर पडता पडता एक चाक फिरवतं, चाकामुळे दात असलेलं पिंप फिरतं, आणि ते दात पट्ट्या दाबतात. म्हणजे भाता आणि बोटं, दोन्ही कामं पाण्याचीच. 1572 मध्ये पोप तेरावा ग्रेगरी इथे आला, तेव्हा आत कोणी माणूस लपलाय का, हे बघितल्याशिवाय त्याचं समाधान झालं नाही म्हणतात! मधे कितीतरी वर्षं हे वाद्य मुकं होतं, 2003 मध्ये दुरुस्त झालं. आता दिवसातून ठरलेल्या वेळांना वाजतं. त्या वेळा तिकीट काढतानाच विचारून घ्या. सूर जरा चिरका आहे, हे आधीच सांगतो.

[कॅमेऱ्यासमोर]

आता एक खोच. पूर्वी पाहुणे खालच्या दाराने यायचे आणि कारंजी बघत बघत वर चढायचे. आज आपण वरून, वाड्यातून शिरतो. म्हणजे आधी मजेत खाली उतरायचं, आणि पाय दमले, ऊन तापलं, की सगळ्या पायऱ्या चढायच्या. बरोबर आई-बाबा असतील, कोणाचे गुडघे कुरकुरत असतील, तर तळाच्या तळ्यांपर्यंत जाऊच नका. शंभर कारंजी आणि ऑर्गन दोन्ही मधल्या टप्प्यावर आहेत, तिथूनच मागे फिरा.

वेळ म्हणाल तर दार उघडताच, नाहीतर चारनंतर. जूनच्या शेवटी रोममध्ये सूर्य पावणेनऊला मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. दुपारी जेवा आणि पडा, इटालियन लोकही तेच करतात. बऱ्याच टूरवाल्यांच्या कार्यक्रमात याच दिवशी प्राचीन रोमन सम्राट हेड्रियनचा व्हिलाही असतो. तो गावाच्या खाली, सपाटीवर, अफाट पसरलेला, आणि सावली बेताचीच. दोन्ही करायचेच असतील तर तो सकाळी उरका. उलटा क्रम लावला असेल तर भांडून बदलून घ्या.

[दृश्य: बान्याइया, पाण्याची साखळी]

पण मला विचाराल तर उन्हाळ्यातली खरी बाग व्हिला लांते. वितेर्बोजवळच्या बान्याइया गावात. 1568 च्या सुमारास कार्डिनल गाम्बाराने काम सुरू केलं, आराखडा वास्तुकार विन्योलाचा मानतात. तिवोलीचा बडेजाव इथे नाही. 'गांबेरो' म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडा, म्हणून कार्डिनलसाहेबांनी आडनावाची हौस फेडली: उतारावरचा पाण्याचा पाट शेवंड्याच्या नांग्या-पायांसारखा वळणं घेत खाली येतो. त्याच्याखाली एक लांब दगडी टेबल आहे, मधोमध वाहत्या पाण्याचा पाट. पाहुणे दोन्ही बाजूंना बसायचे आणि वाइन त्या पाण्यात गार व्हायची. फ्रिजच म्हणा ना!

इथे आधी बाजूच्या वाटेने थेट वर जा, जिथे झाडीत शेवाळलेल्या खडकांमधून पाणी निघतं, आणि मग पाण्याबरोबर खाली या. सगळ्यात खालचा चौकोनी, कातरलेल्या कुंपणांचा भाग उघडा आहे. तो वरूनच छान दिसतो, ऊन उतरल्याशिवाय तिथे जाऊ नका. आणि फुलांची आशा ठेवू नका. या बागा हिरव्या रंगाच्या, दगडाच्या आणि पाण्याच्या. ताटवे बघायचेत तर उत्तर इटलीतल्या सरोवरांकडे जा.

फ्लोरेन्सची बोबोली बाग? प्रसिद्ध आहे, पण रेती, चढ आणि ऊन. जुलैत मी कोणाला पाठवणार नाही.

सामान: टोपी, घट्ट बुटं, रिकामी बाटली. बाटली गावातल्या पिण्याच्या नळावर भरा, बागेतल्या कारंज्याचं पाणी तोंडात घालू नका, तिवोलीतलं तर नदीचं आहे. सोमवारी यातल्या बऱ्याच जागा पूर्ण किंवा अर्धा दिवस बंद असतात. व्हिला द एस्ते उन्हाळ्यात काही रात्री उघडी ठेवतात, त्या वर्षीच्या तारखा अधिकृत साइटवर बघा.

आणि हो, नकाशात नुसतं 'व्हिला द एस्ते' टाकू नका, पुढे 'तिवोली' लिहा. याच नावाचं एक आलिशान हॉटेल कोमो सरोवराच्या काठी, चेर्नोबिओत आहे. बाग तिथेही जुनीच, पण खोलीचं भाडं ऐकून जो घाम फुटेल, तो कुठल्याच कारंज्याने निवणार नाही!