आकाशकंदील पिळतो, कारण कर्ण मोजलेला नसतो

नमस्कार मंडळी. दिवाळी जवळ आली की आपल्या या वाहिनीवर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येऊ लागतो: "ताई, आम्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणेच कामट्या बांधल्या, कागदही नीट लावला, तरी कंदील एका अंगाला पिळल्यासारखा का दिसतो?" यंदा त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही घरची सगळी मंडळी श्रीलंकेत स्वयंसेवेसाठी जातो, तिथल्या वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, कंदिलांचे व्हिडिओ आपण पाहिलेत, आणि तेव्हापासून "आम्हालाही मुलांना घेऊन असे जायचे आहे, सुरुवात कशी करावी?" अशी विचारणा होते आहे. दोन्ही उत्तरे आज एकत्रच देते, कारण आमच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

सणाची आरास घरीच करायची, ही रीत आमच्याकडे सासूबाईंनी घातली. सासरे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवत असत, त्यामुळे करवत, रंधा आणि काटकोन तपासायचा गुण्या या वस्तू घरात पोळपाट-लाटण्याइतक्याच सहज सापडतात. संक्रांतीचे हलव्याचे दागिने, चैत्रगौरीची आरास, गणपतीचे पुठ्ठ्याचे मखर, दिवाळीचा किल्ला, हे सारे घरात होते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा आता मखराचे काय करायचे, असे विचारत गल्लीतल्या बायका सासूबाईंकडे आल्या होत्या, आणि पुठ्ठ्याला आतून कामटीचा आधार कसा द्यावा हे त्यांनी ओसरीवर बसून एकेकीला शिकवले होते. "तयार कंदील शे-दीडशे रुपयांत मिळतो, मग एवढा खटाटोप कशासाठी?" अशी प्रतिक्रिया दरवर्षी येते. ज्यांना विकत घ्यायचा आहे त्यांनी अवश्य घ्यावा. माहीमच्या कंदील गल्लीतल्या कारागिरांच्या हातची सफाई पाहून मी स्वतः थक्क झालेली आहे. परंतु सहावीतल्या मुलाला त्रिकोण आणि चौकोन यांच्यातला खरा फरक हाताला कळावा, असे ज्यांना वाटते, त्यांनी कंदील घरीच करावा, असे माझे ठाम मत आहे.

साहित्य आणि बांधणी आपल्याला ठाऊकच असेल, म्हणून झरझर सांगते. बुरुडाकडून सारख्या जाडीच्या कामट्या आणाव्यात, म्हणजे तासण्याचे काम वाचते. सांगाड्याला २४ कामट्या आणि वर-खाली कर्णासाठी आणखी दोन लांब कामट्या लागतील. त्या २४ पैकी प्रत्येकीची लांबी गाठीपासून गाठीपर्यंत २० सेंटीमीटर असावी, म्हणून कापताना दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर जास्त ठेवावे. पांढरा सुती दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ घ्यावी. खळीत कीड लागू नये म्हणून पूर्वी चिमूटभर मोरचूद घालत असत. तो विषारी असतो, मुले हाताळणार असतील तर तो टाळावा आणि खळ ताजी करावी. आधी चार कामट्यांचा एक, असे चार चौकोन बांधावेत, ते टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधत त्यांचे कडे करावे, मग वरच्या चार टोकांना चार कामट्यांनी आणि खालच्या चार टोकांना चार कामट्यांनी जोडावे. सहा चौकोन आणि आठ त्रिकोण यांचा सांगाडा तयार झाला. बांधणी एवढीच आहे.

आता जिथे सगळे अडते तिथे येऊ. हा पाहा मी आत्ताच बांधलेला सांगाडा. प्रत्येक गाठ घट्ट आहे, एकही कामटी वाकडी नाही. तरीही वरचा चौकोन एका हाताने धरून मी हलकेच फिरवला, तर अख्खा सांगाडा पिळत खाली बसतो. पाहिलेत? यात गाठीचा दोष नाही. या आकाराचा तो स्वभावच आहे. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी याच आकाराच्या अशा पिळत मिटण्याला जिटरबग असे नाव दिले होते आणि त्याच्या प्रतिकृती ते आपल्या व्याख्यानांत हातात घेऊन दाखवत असत. म्हणून, "गाठ आणखी घट्ट करा" किंवा "गाठीवर गरम गोंद ओता" असा सल्ला जे देतात, त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. गरम गोंदाचा थेंब गुळगुळीत बांबूवर नीट धरत नाही, एका धक्क्याने निघून येतो, आणि शिवाय तो मूळ दुखण्यावरचा उपाय नव्हेच.

मूळ दुखणे चौकोनात आहे. तीन कामट्या टोकांना बांधल्या की त्रिकोण होतो आणि कामटी मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. चार कामट्या बांधल्या की चौकोन होतो, पण तो बाजूने दाबताच त्याची शंकरपाळी होते, बाजू तेवढ्याच राहतात आणि कोन मात्र बदलतात. आपल्या कंदिलात असे सहा चौकोन आहेत. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली अशा सांगाड्यांसाठी एक हिशेब मांडला: जेवढे सांधे असतील त्यांची तिप्पट करावी आणि त्यातून सहा वजा करावेत, साधारणपणे तेवढे दांडे असल्याशिवाय सांगाडा ताठ उभा राहत नाही. आपल्या कंदिलाला १२ सांधे आहेत, म्हणजे ३० दांडे हवेत. आपण बांधले २४. कमी पडले सहा. आणि चौकोनही सहाच आहेत. प्रत्येक चौकोनाला एक कर्ण दिला की हिशेब पुरा होतो. हे मी मुलांना पहिल्यांदा समजावून सांगितले तेव्हा धाकट्याने स्वतः सांधे मोजले, चौकोन मोजले, आणि मग तो बराच वेळ तो सांगाडा खाली ठेवायलाच तयार नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट, कर्ण मोजा. प्रत्येक चौकोन कड्यात बांधण्यापूर्वीच त्याचे दोन्ही कर्ण फूटपट्टीने पाहावेत. २० सेंटीमीटरच्या बाजूला कर्ण २८ सेंटीमीटर आणि दोन-तीन मिलिमीटर भरतो. एक कर्ण २७ आणि दुसरा साधारण साडेएकोणतीस आला, तर चौकोन कलला आहे. सुतार दाराची चौकट भिंतीत बसवताना नुसत्या गुण्यावर विसंबत नाही, दोरी घेऊन दोन्ही कर्ण मोजतो. सासऱ्यांनी आम्हाला कंदिलाच्या बाबतीत तेच शिकवले आहे.

दुसरी गोष्ट, कर्ण बांधा. कड्यातल्या चार उभ्या चौकोनांत दोन्ही कर्णांवर दोरा ताणून फुली घालावी. दोऱ्याची फुलीच का? कारण दोरा ताण सोसतो, दाब सोसत नाही. एकच दोरा लावला तर चौकोन एका बाजूला कलायचा थांबेल आणि दुसऱ्या बाजूला कलतच राहील. वरच्या आणि खालच्या चौकोनाला कागद लावायचा नसतो, म्हणून तिथे दोऱ्याऐवजी प्रत्येकी एक कामटीच कर्ण म्हणून बांधावी. वरच्या कामटीला दिव्याची वायर बांधता येते आणि खालच्या कामटीला मधली शेपटी, असे एका कामटीत दोन कामे होतात. "दोऱ्याची सावली कागदावर दिसते, कंदील विद्रूप होतो," असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. पांढरा बारीक दोरा कागदाला लागूनच असतो, त्यामुळे त्याची एक बारीक, रेखीव रेघ दिसते खरी. आमच्या डोळ्यांना ती शोभते. ज्यांना नको असेल त्यांनी बाहेरून तिथेच कागदी करंज्या चिकटवाव्यात.

तिसऱ्या अंगाने हीच गोष्ट सांगते, कारण दोरा बांधूनही काहींचा कंदील कागद वाळल्यावर तिरका होतो. पतंगाचा कागद खळीने ओला झाला की सैलावतो आणि वाळताना आक्रसतो, म्हणजे तो कामट्यांना आत ओढतो. एकाच बाजूचे सगळे कागद लावून कंदील रात्रभर ठेवला, तर ती बाजू ओढली जाणारच. म्हणून समोरासमोरचे दोन चौकोन एका वेळी करावेत, मग उरलेले दोन, आणि ते पूर्ण वाळल्यावरच त्रिकोणांना हात घालावा. वाळलेला ताठ कागद स्वतःच कर्णाचे काम करू लागतो. शेवटी पडताळा घ्यायचा तो असा: या आकारात कंदिलाची उंची, म्हणजे वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंतचे अंतर, चौकोनाच्या कर्णाइतकेच असते. समोरासमोरच्या उभ्या चौकोनांतले अंतरही तेवढेच. तिन्ही दिशांनी २८ आणि थोडे वर भरले, तर कंदील सरळ आहे.

आता श्रीलंकेकडे वळते. वैशाखी पौर्णिमेला आपल्याकडे बुद्धजयंती असते, तिथे तोच वेसाक. बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्हींचे स्मरण त्या दिवशी करतात, घराघरांवर कागदी कंदील लागतात, जातककथांची चित्रे मांडलेल्या दिव्यांच्या प्रचंड कमानी उभ्या राहतात, आणि दन्सल नावाच्या मांडवांतून वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण, चहा किंवा सरबत मिळते. कँडीजवळच्या ज्या गावात आम्ही जातो, तिथल्या विहारात रविवारची शाळा भरते आणि वेसाकच्या आधी सगळी मुले कंदिलांच्या मागे असतात. तिथल्या अटपट्टम या पारंपरिक कंदिलाचा सांगाडा माझ्या मुलीने पाहिला आणि ती उभ्या जागी ओरडली, "आई, हे आपलेच चौकोन!" बांबू तोच, खळ तशीच, कागदही तसाच झिरझिरीत. लहान कंदिलांसाठी ती मुले माडाच्या झावळीचे हीर वापरतात. हिराचा झाडू कोकणात आपण रोज पाहतो, पण त्याचा कंदील होतो हे मला तिथे कळले.

यावर एकांनी विचारले आहे, "म्हणजे तुम्ही तिकडे कंदील शिकवायला जाता का?" नाही. कंदील त्यांना आपल्याहून चांगले येतात. आम्ही जातो ते शाळेने कळवलेल्या कामासाठी. सासरे बाकांची आणि खिडक्यांची दुरुस्ती करतात, माझे यजमान वीजजोडणीचे काम पाहतात, आणि मी मोठ्या मुलांचे गणित घेते. कंदील हा संध्याकाळचा विरंगुळा असतो, तिथे आम्ही विद्यार्थी असतो आणि दहा-बारा वर्षांची मुले आमचे गुरुजी. मॅक्सवेलचा हिशेब मात्र मी त्यांच्याच सांगाड्यावर फळ्याशेजारी उभे राहून मांडला, आणि भाषेची अडचण असूनही तो पोहोचला, कारण सांधे बोटाने मोजता येतात.

महाराष्ट्राची ओळख तिथे आपल्या आधी पोहोचलेली आहे. १९५० साली कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. आम्ही महाराष्ट्रातले म्हणताच विहारातल्या वृद्ध भंतेजींनी पहिले नाव त्यांचेच घेतले. श्रमदान हा शब्दही तिथे परका नाही. कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातले शिक्षक ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ साली विद्यार्थ्यांना खेड्यांत नेऊन सर्वोदय श्रमदान चळवळ सुरू केली, तिच्यामागे गांधीजींचा आणि आपल्या गागोद्याच्या विनोबांचा विचार होता. पाहुण्याने येऊन गावाचे भले करायचे, असा तो विचार नाही. गाव स्वतः काम ठरवते आणि स्वतः हात लावते, पाहुणा त्या रांगेत मागे उभा राहून टोपली पुढे सरकवतो.

म्हणून परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना माझे कळकळीचे सांगणे आहे. "आम्हाला मुलांना काहीतरी शिकवायचे आहे" अशा पत्राने सुरुवात करू नका. आपल्या घरात कोणाला काय येते ते लिहा, आणि तुमच्याकडे कोणते काम अडले आहे, असे विचारा. उत्तर "काही नाही" असे आले, तर जाऊ नका. आठवड्याभरात नवा शिक्षक येऊन निघून गेला की वर्गाचे नुकसानच होते. बाक दुरुस्त केला तर तो मागे राहतो. व्हिसाविषयीही अनेकांचा गैरसमज आहे. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि विनावेतन कामही त्यात मोडते. यजमान शाळेचे किंवा संस्थेचे पत्र घेऊन योग्य प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करावा, आणि नियम बदलत असल्याने दरवेळी दूतावासाकडे विचारावे. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीवाचून टाकू नयेत. आमच्या व्हिडिओंत तिथल्या मुलांचे फक्त हात दिसतात, चेहरे का दाखवत नाही, असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

राहिला एक प्रश्न, दिव्याचा. पूर्वीचा ६० वॅटचा बल्ब या आकारात लावू नये, कागद करपतो. पाच ते सात वॅटचा एलईडी पुरतो, तो वरच्या कर्ण-कामटीच्या मध्यावरून सोडावा आणि कोणत्याही कागदापासून सारखा दूर राहील इतका खाली घ्यावा. दिवाळीत पाऊस उरला असेल, तर तिथली मुले वेसाकला करतात तसे वरून पारदर्शक प्लास्टिकचे टोपरे घालावे, वायर जिथून आत जाते तिथे होल्डर झाकलेला आहे ना ते पाहावे, आणि टोपरे बाजूंनी सैल ठेवावे, म्हणजे आत दव धरणार नाही.