आधी गोळा ओळखा, मग आतला जीव

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'दगडी गोळ्यात सापडलेला अनोळखी जीवाश्म कसा ओळखावा' असा छापलाय. तिथे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच पटणार नाही. गोळा फुटला की माणसं थेट आतल्या आकृतीवर तुटून पडतात. मासा आहे का, कोळंबी आहे का, पान आहे का? आणि ज्याने तो जीव इतकी कोटी वर्षं सांभाळला, त्या गोळ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कॉन्क्रिशन, म्हणजे हा दगडी गोळा, कसं तयार होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गाळात पुरलेला जीव कुजू लागतो, जिवाणू कामाला लागतात, आसपासच्या पाण्याचं रसायन बदलतं आणि त्या जागी कॅल्साइट किंवा सिडेराइटसारखं खनिज साकळायला लागतं. वरच्या ओझ्याने गाळ चेपला जायच्या आत गोळा कडक झालेला असतो. म्हणून बाहेरच्या शेलमधला, म्हणजे चिखलाच्या थरांच्या खडकातला, शिंपला चपटा होतो आणि गोळ्यातला फुगीर राहतो. शाळिग्राम आठवा. गंडकीच्या पात्रातले ते काळे गोळे ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या गाळातले आहेत आणि आतलं चक्र अॅमोनाइटचं, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या एका लुप्त सागरी प्राण्याचं, आहे. हे सगळं व्हायला लाखो वर्षं लागत असतील असं आपण धरून चालतो. जपानमधल्या हिदेकाझू योशिदा यांच्या गटाने २०१५ साली सुळ्याच्या आकाराच्या शिंपल्यांभोवतीचे गोळे तपासले, तेव्हा ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तयार झाले असावेत असा हिशेब निघाला! प्राणी पुरता कुजायच्या आत दगडाने त्याला गाठलं. पण पुरता नाही, हे लक्षात ठेवा. थोडा तरी तो कुजलेला असतोच.

आता माझी आवडती गोष्ट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मेझन क्रीक नावाचा भाग आहे. कोळशाच्या उघड्या खाणींतून उपसून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांत तिथे लोहयुक्त सिडेराइटचे गोळे मिळतात, सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे. फ्रान्सिस टली हे हौशी संग्राहक १९५५ साली तिथे हिंडत होते. एका गोळ्यात त्यांना असा प्राणी दिसला की त्याला काय म्हणावं ते कळेना. लांबट अंग, शेपटीला पर, पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला दातेरी चिमटा आणि अंगाच्या आडव्या दांडीच्या दोन टोकांना डोळे. त्यांनी तो शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नेला. यूजीन रिचर्डसन यांनी १९६६ साली त्याचं रीतसर वर्णन केलं आणि नाव दिलं 'टुलिमॉन्स्ट्रम'. हसा, हसा, शास्त्रीय नावात राक्षस बसलाय खरा! १९८९ मध्ये तो इलिनॉयचा राज्य-जीवाश्म झाला. एका राज्याने मानचिन्ह म्हणून असा प्राणी निवडला, ज्याची जात कुळी कुणालाच सांगता येत नव्हती. मला हे फार आवडतं.

पुढे २०१६ मध्ये एका गटाने सांगितलं की हा कणा असलेला प्राणी आहे, लॅम्प्रे या जबडा नसलेल्या, सापासारख्या लांबट माशाचा नातलग. अंगावरून जाणारा फिकट पट्टा आतडं नसून पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतून जाणारी लवचिक दांडी, आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गटाला डोळ्यांतल्या रंगकणांवरून तसंच वाटलं. २०१७ मध्ये आक्षेप आला, आणि तो मला मोलाचा वाटतो. मेझन क्रीकच्या सागरी गोळ्यांत मऊ प्राण्यांची बाह्याकृती उरते, आतल्या अवयवांचे तपशील असे सहसा उरत नाहीत. मग याच प्राण्याचा पृष्ठरज्जू कसा उरला? म्हणजे वाद प्राण्याचा होता आणि प्रश्न गोळ्याला विचारला गेला. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी दीडशेहून अधिक नमुने त्रिमितीत स्कॅन केले. त्यांना डोळ्यांच्या पुढेही अंगाचे खंड दिसले, जे कणा असलेल्या प्राण्यांत नसतात. प्रश्न अजून मिटलेला नाही.

त्याच भागातला एसेक्सेला नावाचा जीवाश्म घ्या. हजारोंनी सापडतो. १९७९ पासून त्याला जेलीफिश मानत होते, छत्रीखाली झालर असलेला. अशी झालर आजच्या कुठल्याच जेलीफिशला नाही. २०२३ मध्ये रॉय प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी तो उलटा धरून पाहिला. निघाला समुद्रफूल, म्हणजे तळाला चिकटून राहणारा सी अॅनिमोनी! छत्री म्हणजे गाळात रुतवायचा पाय, झालर म्हणजे अंग. आणि हेच गोळे संग्राहक 'नुसता डाग' म्हणून टाकून देत असत.

टाकून देण्यावरून माझी एक जुनी तक्रार. गोळा फुटला की दोन भकलं होतात. एकावर उठाव, दुसऱ्यावर खळगा. लोक उठावाचं भकल घरी आणतात, दुसरं तिथेच सोडतात. एक गृहस्थ माझ्याकडे एक सुंदर नमुना घेऊन आले होते. मधोमध चपट्या अंगाचा ठसा, एका कडेला पायांसारख्या रेघा, आणि नेमक्या तिथेच कपचा उडालेला. दुसरं भकल कुठे, विचारलं, तर म्हणाले, त्यावर काही नव्हतं. पाय त्याच्यावर होते! तो नमुना आजही निनावी आहे. आणि हातोडी घाई करते. मेझन क्रीकचे लोक गोळे पाण्यात भिजवून गोठवतात, वितळवतात, पुन्हा गोठवतात. शेवटी गोळा स्वतःच्या कमकुवत पातळीवर उमलतो, आणि ती पातळी बहुधा जीवाश्मातूनच जाते.

पाच मिनिटं उरल्याची खूण झाली आहे. तर मूळ विषय, भराभर.

गोळा कुठल्या थरातला, तो थर समुद्राचा की खाडीचा की गोड्या पाण्याचा, हे आधी ठरवा. निम्मे पर्याय तिथेच गळतात. मग हा जीवाश्मच आहे ना, ते बघा. आतून तडकून भेगांत खनिज भरलेला गोळा कासवाच्या पाठीसारखा दिसतो, दगडावर उमटलेली मॅंगनीज खनिजाची झाडासारखी नक्षी हुबेहूब नेच्यासारखी दिसते. डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ, एकसारखे खंड, ठरावीक अंतराने येणारी रचना हवी. सुटी रेघ पुरावा नव्हे.

नमुना चारही बाजूंनी फिरवा. वर कुठलं, खाली कुठलं, हे गृहीत धरू नका. तिरप्या उजेडात, मोजपट्टी ठेवून, दोन्ही भकलांचे फोटो काढा. मग त्याच थरातले ओळखीचे प्राणी कसे टिकले आहेत ते पाहा. तिथल्या माशाचे डोळे टिकत असतील आणि तुमच्या नमुन्याला नसतील, तर 'नव्हते' म्हणण्यात अर्थ आहे. कुणाचंच काही टिकत नसेल, तर नसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही. आणि नाव द्यायची घाई नको. 'खंड असलेला, मऊ अंगाचा, पाय अनिश्चित' एवढं लिहिलंत तरी ती ओळखच आहे.

जागा, थर आणि तारीख त्याच दिवशी लिहा, आणि दोन्ही भकलांवर एकच क्रमांक घाला. आता प्रश्न घेऊ.