ॲक्सिलरेटर न दाबताही ऑटोमॅटिक गाडी पुढे का सरकते?

नमस्कार. ऑटोमॅटिक गाडी सपाट रस्त्यावर उभी आहे, गिअर ‘डी’वर आहे आणि तुम्ही ब्रेकवरचा पाय हळूच उचलता. ॲक्सिलरेटरला पाय लागलेलाही नसतो, तरी गाडी सरकू लागते आणि साधारण ताशी 5 ते 8 किलोमीटर वेगाने पुढे जात राहते. हा बिघाड नव्हे.

क्लचचे पेडल असलेल्या गाडीत ते दाबले की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत या दोहोंमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि तो तेलाने भरलेला असतो. त्यात इंजिनबरोबर फिरणारे पात्यांचे एक चाक असते, त्याला पंप म्हणतात. त्याच्या समोर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेले टर्बाइन असते. गाडी उभी असताना किंवा सावकाश चालताना ही दोन्ही चाके एकमेकांना कुठेही जोडलेली नसतात. ब्रेक दाबून थांबलेल्या गाडीत इंजिन मिनिटाला 700-800 फेरे घेत असते, म्हणजे पंपही तेवढेच फेरे घेतो, तेल कडेला फेकतो आणि ते तेल टर्बाइनच्या पात्यांवर सतत आदळत राहते. मधला स्टेटर, म्हणजे पात्यांचे तिसरे चाक, परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे टर्बाइन थांबलेले असताना त्यावरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, इंजिनच्या टॉर्कच्या जवळपास दुप्पट होतो. पुढे पहिला गिअर तो आणखी वाढवतो. त्याला अडवून धरतो तो फक्त ब्रेक.

मग इंजिन बंद का पडत नाही? पंपाचा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे फेरे तिप्पट झाले तर टॉर्क नऊपट होतो. त्यामुळे कमी फेऱ्यांवर तेलाचा जोर इतका बेताचा असतो की इंजिन तो सहज पेलते. थंड इंजिन सुरू केल्यावर फेरे काही काळ जास्त असतात, म्हणून तेव्हा गाडीची ओढ अधिक जाणवते. ब्रेक दाबून उभे असताना मात्र पंपाने दिलेली सारी ऊर्जा तेल तापवण्यात जाते. इंधन वाचवण्यासाठी काही गाड्या अशा वेळी आतल्या आत न्यूट्रलमध्ये जातात.

गंमत म्हणजे ही युक्ती मोटारींसाठी शोधलेली नव्हती. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले, ते जहाजांच्या वेगवान वाफेच्या टर्बाइनने जहाज पुढे ढकलणारा, सावकाश फिरणारा पंखा चालवता यावा म्हणून.

एएमटी (साधा गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हाताळते) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाड्यांमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे संगणक क्लच किंचित घासत ठेवून गाडी सरकवतो. म्हणूनच अशी गाडी चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या जोरावर थोपवून धरू नये, क्लच तापून झिजतो. इलेक्ट्रिक गाडी थांबली की मोटरही थांबते, त्यामुळे तिथले सरकणे हा निव्वळ संगणकाचा आदेश असतो. काही गाड्यांत तो सेटिंगमधून बंद करता येतो आणि मग सपाट रस्त्यावर ब्रेक सोडला तरी गाडी जागची हलत नाही.