‘जडत्व’ या शब्दाविषयी

नमस्कार मंडळी.

मुलांच्या मराठी वर्गात एका मुलीने मला विचारले, की जड म्हणजे वजनदार असेल, तर वजन जाणवतच नाही अशा अंतराळात जडत्व उरते का? तिचा घोटाळा शब्दानेच केला होता. म्हणून आज त्या एका शब्दाविषयीच बोलतो.

आपल्या रोजच्या बोलण्यात पिशवी जड असते, जेवणानंतर डोळे जड होतात आणि निरोप घेताना अंतःकरणही. संस्कृतात मात्र ‘जड’ म्हणजे गारठलेला, बधिर, मंद, आणि दर्शनांच्या भाषेत अचेतन. ‘जडत्व’ ही संज्ञा या दुसऱ्या अर्थाला धरून आहे, आणि भौतिकशास्त्रातल्या ज्या ‘इनर्शिया’ या इंग्रजी शब्दासाठी ती योजली गेली, त्याचे मूळही असेच हिणवणारे आहे. लॅटिनमध्ये ‘आर्स’ म्हणजे कला किंवा कसब. ते ज्याच्या अंगी नाही तो ‘इनर्स’, म्हणजे ओघानेच आळशी.

सतराव्या शतकाच्या आरंभी खगोलशास्त्रज्ञ केप्लरने हा शब्द पदार्थाला लावला, तेव्हा त्याला खरोखर आळसच अभिप्रेत होता: पदार्थ आपण होऊन हलत नाही, ढकलणे थांबले की थांबतो, म्हणून ग्रहांना सूर्याने सतत फिरवत ठेवले पाहिजे. न्यूटनने 1687 साली शब्द तोच ठेवला, पण थांबलेली वस्तू जशी थांबून राहते, तशी चालती वस्तू बाहेरून बल लागेपर्यंत त्याच वेगाने सरळ चालत राहते, हेही त्याच गुणाच्या पदरात टाकले. 1977 साली निघालेले व्हॉयेजर 1 हे अंतराळयान आज इंजिनाच्या रेट्याशिवाय सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने दूर जात आहे, तेही या ‘आळसा’च्याच बळावर! नावाची इतकी विटंबना झालेला दुसरा गुण मला तरी ठाऊक नाही.

त्या मुलीचे उत्तर ‘हो’ असे आहे. अंतराळस्थानकात वजनकाटा निरुपयोगी ठरतो, म्हणून अंतराळवीराला स्प्रिंगच्या साधनावर हलवतात आणि त्याचे शरीर त्या हालचालीला किती विरोध करते, यावरून त्याचे वस्तुमान काढतात.

आपल्याकडे मठ्ठ माणसाला ‘जडभरत’ म्हणतात. भागवतातल्या त्या भरताला राजा रहूगणाच्या पालखीला जुंपले, तेव्हा पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून तो जपून पावले टाकू लागला, पालखी हिसके खाऊ लागली आणि राजा त्याच्यावर चिडला. भौतिकशास्त्राने पाहिले, तर पालखीची गती बदलत होती आणि राजाचा देह आपली गती सोडायला तयार नव्हता. त्या हिसक्यांत जडत्व होते ते राजाचे.