"शांतता राखा" असं चर्चने सांगितलं की लोक ऐकतात का? केनियाची गोष्ट

नमस्कार मंडळी. आफ्रिकेतल्या निवडणुकांवरच्या मागच्या व्हिडिओत मी केनियाचं नाव ओझरतं घेतलं आणि तेव्हापासून कमेंटमध्ये तोच एक प्रश्न येतोय. "ताई, बिशप आणि पास्टर यांनी शांततेचं आवाहन केलं म्हणून दंगली थांबतात का? की हे सगळं फोटोपुरतंच?" चांगला प्रश्न आहे, म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

पार्श्वभूमी पटकन सांगते, बरीचशी तुम्हाला माहीत असेलच. केनियात ख्रिस्ती लोक मोठ्या बहुमतात आहेत: अँग्लिकन, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, शिवाय पेंटेकोस्टल मंडळ्या भरपूर. दर पाच वर्षांनी निवडणूक. मतदान पुष्कळदा समाजाप्रमाणे होतं. किकुयू, लुओ, कालेंजिन, लुह्या, कांबा ही नावं तुम्ही ऐकली असतील. आणि रविवारी चर्चमध्येही माणसं बहुतेक वेळा आपल्याच भाषेच्या मंडळीत बसतात. हे लक्षात ठेवा, सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आता 2007. मतदान 27 डिसेंबरला झालं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी विरुद्ध विरोधी नेते रायला ओडिंगा. हे तेच ओडिंगा, ज्यांचं ऑक्टोबर 2025 मध्ये उपचारांसाठी आले असताना केरळमध्ये निधन झालं, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांतही त्यांचं नाव आलं होतं. 30 डिसेंबरला किबाकी जिंकल्याचं जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी घाईघाईने शपथविधीही उरकला. देश पेटला. 1,100 हून अधिक माणसं गेली, 6 लाखांच्या आसपास लोकांना घरदार सोडावं लागलं. 1 जानेवारी 2008 ला एल्डोरेटजवळ किआंबा इथे एका चर्चमध्ये आसरा घेतलेल्या, किबाकींच्याच समाजातल्या किकुयू कुटुंबांवर जमाव चालून आला आणि त्याने ते चर्च पेटवून दिलं. मरणाऱ्यांत बायका आणि लहान मुलं जास्त होती. ज्या देशात बहुतेक जण रविवारी प्रार्थनेला जातात, तिथे हे झालं.

मग त्या वेळी धर्मगुरू गप्प होते का? नाही हो! शांततेची आवाहनं मतदानाआधीही झाली होती, नंतरही झाली. पण ऐकणार कोण? तोपर्यंत कुठला बिशप कुणाच्या बाजूचा, हे गावागावात माहीत झालं होतं. देशातल्या प्रोटेस्टंट चर्चेसची जी राष्ट्रीय परिषद आहे, तिचे कित्येक वर्षं सरचिटणीस राहिलेले मुताव्हा मुस्यिमी त्याच निवडणुकीत खासदार झाले. फेब्रुवारी 2008 मध्ये त्या परिषदेने जाहीर माफी मागितली: आम्ही पक्षपाती झालो, म्हणून ऐन वेळी ठाम उभे राहू शकलो नाही. एखाद्या चर्च संघटनेने असं उघडपणे कबूल करावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आणि "आवाहनाने काय होतं" या प्रश्नाचं निम्मं उत्तरही त्यांच्या या कबुलीत आहे.

कबड्डीचा पंच एका संघाच्या टेम्पोतून मैदानावर उतरला, तर सामन्यात भांडण झाल्यावर त्याच्या शिट्टीला कोण विचारतो?

इथे मला एका कमेंटकडे वळावंच लागेल. एका दादांनी लिहिलंय, "धर्मगुरूंनी राजकारणात पडूच नये, प्रार्थना करावी." दादा, तुमची भावना कळते, पण केनियाचा जुना इतिहास याच्या नेमका उलट आहे. 1986 मध्ये सत्ताधारी पक्षाने ठरवलं की उमेदवार निवडताना गुप्त मतदान नको, लोकांनी आपापल्या उमेदवारामागे उघडी रांग लावायची. तिकडे त्याला म्लोलोंगो म्हणतात. 1988 ला तसं झालंही, आणि काही ठिकाणी आखूड रांगवाला उमेदवार विजयी म्हणून जाहीर झाला. लोक उघड्या डोळ्यांनी बघत होते. याच्या विरोधात सगळ्यात आधी आवाज उठवला तो चर्चने. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. पाळक एका उमेदवाराच्या रांगेत उभा राहिला, तर दुसऱ्या रांगेतली माणसं रविवारी त्याच्या हातून प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, कोणत्या मनाने घेणार? एल्डोरेटचे अँग्लिकन बिशप अलेक्झांडर मुगे तेव्हा सरकारवर उघड टीका करायचे. 1990 मध्ये एका मंत्र्याने जाहीरपणे धमकी दिली की बुसियाला आलात तर जिवंत परत जाल की नाही सांगता येत नाही. मुगे गेले. परत येताना रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

म्हणजे बघा, सरकारशी भांडणाऱ्या चर्चवर लोकांचा विश्वास होता. तो गेला तो चर्च एका बाजूच्या रांगेत उभं राहिल्यावर. बोलणं वेगळं आणि बाजू घेणं वेगळं.

आता माझा खरा मुद्दा, आणि हा मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण सगळे इथेच घसरतात. शांततेचं काम मतदानाच्या आदल्या रात्रीच्या प्रार्थनासभेत होत नाही. ते वर्षभर आधी होतं, माइक कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवताना.

सप्टेंबर 2021. पश्चिम केनियात बुटेरे इथे रोझ ओकेनो यांची बिशप म्हणून दीक्षा होती. केनियाच्या अँग्लिकन चर्चमध्ये अख्खा धर्मप्रांत सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला बिशप. समारंभाला मोठमोठे नेते आले होते, ओडिंगाही होते. अशा प्रसंगी तिकडची रीत म्हणजे नेत्याने पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर यायचं, दोन शब्द बोलायचे आणि त्या दोन शब्दांत विरोधकांवर तोंडसुख घ्यायचं. आर्चबिशप जॅक्सन ओले सापित यांनी तिथेच सांगितलं: सगळ्यांचं स्वागत आहे, बसा, प्रार्थना करा, पण पुलपिट पाळकांसाठी आहे. कुणालाही माइक मिळाला नाही. निवडणुकीला अजून अकरा महिने होते. "शांतता राखा" हे वाक्य तिथे कुणी उच्चारलं नसेल, तरी शांततेचं काम तिथे झालं असं मी म्हणेन.

दुसऱ्या बाजूने बघा: पैसा. केनियात हरांबे म्हणून प्रथा आहे, सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची. मूळ कल्पना सुंदर आहे. पण नेता येतो, चर्चच्या छपरासाठी जाडजूड रक्कम जाहीर करतो, टाळ्या होतात आणि मग माइक नाकारायला तोंड उरत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी नैरोबीतल्या एका कॅथलिक चर्चला लाखो शिलिंगांची देणगी दिली, तेव्हा आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी ती परत करायला लावली. त्या पॅरिशला, म्हणजे तिथल्या स्थानिक मंडळीला, ते किती जड गेलं असेल, विचार करा.

आमच्या वसईकडे मी हे छोट्या प्रमाणावर पाहिलंय. एका गावी चर्चमधल्या सणाच्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) एक उमेदवार हार घालून पुढे आला, सोबत पाच-सहा जण. माइक बंद करून फादर म्हणाले, "जेवून जा, पण भाषण नको." तो माणूस रुसला, पण जेवला. मंडपात दोन्ही पक्षांची माणसं एका पंगतीत बसलेली होती, ती तशीच बसून राहिली. भाषण झालं असतं तर निम्मी उठली असती.

आणि तिसरी बाजू, निकालाचा दिवस. "शांतता राखा" हे नेहमी हरणाऱ्यालाच का सांगतात? याचा मला खरंच राग येतो. शांततेची जबाबदारी मोजणाऱ्यांवर आणि जिंकणाऱ्यांवरही तेवढीच आहे. मध्य आफ्रिकेतल्या लोकशाही प्रजासत्ताक काँगोचं बघा. 30 डिसेंबर 2018 च्या निवडणुकीत तिथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सुमारे 40,000 निरीक्षक उभे केले होते. अधिकृत निकाल आला तेव्हा परिषदेने जाहीर केलं की हा आमच्या आकड्यांशी जुळत नाही. आणि त्याच वेळी लोकांना सांगितलं की हिंसा करू नका. दोन्ही वाक्यं एकत्र. निकाल बदलला नाही, हे खरं. पण "गप्प बसा"ला शांतता हे नाव त्यांनी दिलं नाही.

केनियात ऑगस्ट 2022 ला रुटो 50.49 टक्के, ओडिंगा 48.85. इतकी घासून लढत. सात निवडणूक आयुक्तांपैकी चौघांनी निकाल आमचा नाही म्हणून हात झटकले. 2007 ची आठवण असणाऱ्यांच्या पोटात गोळाच आला असेल. ओडिंगांच्या बालेकिल्ल्यांत, किसुमू शहरात आणि नैरोबीतल्या किबेरा वस्तीत, लोक रस्त्यावर आले, टायर जळले, पण देश पेटला नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 5 सप्टेंबरला निकाली निघाला. याचं सगळं श्रेय चर्चला देऊ नका, मीही देत नाही. 2010 ची नवी राज्यघटना होती. 2017 मध्ये त्याच न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द करून दाखवली होती, त्यामुळे कोर्टात जाण्याला अर्थ आला होता. आणि 46,000 हून अधिक मतदान केंद्रांचे निकालपत्रक आयोगाने वेबसाइटवर टाकले होते, कुणीही घरी बसून बेरीज करावी. पण धर्मगुरू "कोर्टात जा" म्हणाले तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून "तुम्ही त्यांचे" म्हणणं 2007 इतकं सोपं राहिलं नव्हतं.

आपल्याकडचं एवढंच सांगते, कारण तुम्ही विचारणारच. 2024 च्या लोकसभेआधी भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 22 मार्च हा देशासाठी प्रार्थना आणि उपवासाचा दिवस ठेवला होता. आणि धर्माच्या नावावर मत मागायला 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंदी आहेच. त्यावर वेगळा व्हिडिओ करू, आज विषय केनियाचा.

तिथली पुढची निवडणूक ऑगस्ट 2027 मध्ये आहे. बुटेरेचा नियम टिकतो का, हे मी रविवारच्या बातम्यांतून बघत राहणार. देणगीची पाकिटं परत जातात की छपरावर नवीन पत्रा दिसतो, तेही. नैरोबी, मोम्बासा, किसुमूला राहणारे मराठी लोक हा चॅनल बघतात, तुम्ही कमेंटमध्ये नक्की लिहा: तुमच्या शेजारच्या चर्चमध्ये सध्या माइक कुणाच्या हातात असतो?