रामा शेट्टीच्या पलीकडचे अमरापूरकर

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ठरवायला संयोजकांचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, सदाशिव अमरापूरकरांवर बोलेन. पलीकडून लगेच उत्तर आलं, "हां, तो व्हिलन!" त्यात त्यांची काही चूक नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनातही आत्ता तोच शब्द आला असेल. मला आज तो शब्द जरा बाजूला सारायचा आहे.

अमरापूरकर नगरचे. जन्म 11 मे 1950. मूळ नाव गणेशकुमार नरवडे, सदाशिव हे पुढे रंगभूमीसाठी घेतलेलं नाव. इतिहास शिकलेला हा माणूस आधी नाटकात मुरला. पडद्यावर त्यांची पहिली भूमिका कोणती होती, ठाऊक आहे? '22 जून 1897' या 1979च्या चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले होते. पुढे ज्याला पाहून देशभरातल्या थिएटरांत लोक शिव्या घालणार होते, त्याची सुरुवात टिळकांच्या पगडीपासून झाली!

मग 'हँड्स अप' आलं. व्यावसायिक रंगभूमीवरचं हे गाजलेलं नाटक दिग्दर्शक गोविंद निहलानींनी पाहिलं आणि त्यांच्या 'अर्धसत्य' या हिंदी चित्रपटातला गुंड रामा शेट्टी अमरापूरकरांकडे आला. साल 1983. त्याच सुमारास ते विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' हे नाटक दिग्दर्शित करत होते. म्हणजे 'अर्धसत्य'ची पटकथा लिहिणाऱ्या लेखकाची भाषा, त्याचे थांबे, त्याची न बोललेली वाक्यं हा माणूस तालमीतही रोज हाताळत होता. पडद्यावर ते जाणवतं.

रामा शेट्टीवर मी थोडा रेंगाळणार आहे. आठवणीत तो चित्रपटभर पसरलेला वाटतो, प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत. इन्स्पेक्टर वेलणकर त्याची माणसं पकडायला थेट त्याच्या घरात घुसतो. वेलणकर झालेल्या ओम पुरींचं अंग ताठ, जबडा आवळलेला, वर्दीचा सगळा कडकपणा शरीरात उतरलेला. समोर अमरापूरकर मात्र सैल. आवाज चढत नाही. घाई नाही. घरी आलेल्या माणसाला 'बसा, चहा घ्या' म्हणावं, इतकी स्वस्थता. त्या काळातला हिंदी खलनायक अड्ड्यात राहायचा, चित्रविचित्र कपडे घालायचा, गडगडाटी हसायचा. हा गृहस्थ घरात राहतो, आणि म्हणून त्याची भीती वाटते. त्याला आपली ताकद दाखवून देण्याची गरजच पडत नाही, ती समोरच्याला आधीच माहीत असते.

शेवटचा प्रसंग आठवा. कोठडीत आरोपी मेलेला आहे, वेलणकर अडकलाय, सगळे दरवाजे बंद झालेत आणि तो नाइलाजाने शेट्टीच्या दारात येतो. अमरापूरकर इथे सूड उगवल्याचा आनंद दाखवू शकले असते. नव्याण्णव टक्के नटांनी तेच केलं असतं. ते नुसते खूश होतात. रुसलेला भाऊबंद अखेर घरी आला, असे. वेलणकरला चीड येते ती त्या आपलेपणाची, असं मला दर वेळी वाटतं. त्यानंतर त्याचे हात शेट्टीच्या गळ्याशी जातात.

या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं आणि तिथेच घोळ झाला. हिंदी सिनेमाला एक नवा खलनायक सापडला. 'हुकूमत' चालला, मग तसल्याच भूमिकांची रांग लागली. 300हून अधिक चित्रपट केलेल्या नटाची सगळीच कामं चांगली होती असं मी म्हणणार नाही. काही चित्रपटांत त्यांना नुसते डोळे वटारायला उभं केलंय.

पण 1991चा 'सडक' आला. त्यातली महाराणी, कोठा चालवणारी तृतीयपंथी. ज्या तऱ्हेने ती व्यक्तिरेखा लिहिली आहे, तिच्यावर आज आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. एका आधीच हिणवलेल्या समाजाला राक्षस करून दाखवणं बरोबर नव्हतंच. तरीही नटाचं काम बघा. टाळ्या पिटायच्या, आवाज पातळ करायचा, हा सोपा रस्ता समोर होता. अमरापूरकरांनी आपल्या आवाजातला जडपणा झाकला नाही. साडी, कपाळावरचं कुंकू आणि तो घोगरा आवाज एकत्र आले की खुर्चीत बसल्या बसल्या अंग आक्रसतं. महाराणी लाडाने बोलते तेव्हा जास्त भीती वाटते. नकारात्मक भूमिकेसाठी फिल्मफेअरने पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा याच भूमिकेला मिळाला.

आता मी ज्यासाठी आलोय ते सांगतो. महाराणीनंतर चार वर्षांनी, 1995 साली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' आला. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, घर उद्ध्वस्त होतं, आणि गौरीला मुंबईला पाठवण्याचा मार्ग मामा काढतो. कसला मार्ग, ते बोललं जात नाही. हा मामा अमरापूरकरांचा. 'सडक'मध्ये ज्या बाजारात मुली विकत घेणारी महाराणी त्यांनी उभी केली, त्याच बाजारापर्यंत पोरीला पोचवणारा घरचा माणूस 'दोघी'त ते झाले. एकाच पापाची दोन टोकं, एकाच नटाने, चार वर्षांच्या आत!

आणि यांत काडीचंही साम्य नाही. महाराणीचे डोळे समोरच्याला खातात. मामाचे डोळे फार वेळ कुणावर टिकत नाहीत. मामाला आपण बहिणीचं घर वाचवतोय असं खरंच वाटतं, निदान तसं स्वतःला पटवून तो जगतोय. तो वाईट माणूस आहे का? चित्रपट संपल्यावरही मला उत्तर सापडलेलं नाही. माझ्या मते ही अमरापूरकरांची सर्वांत मोठी भूमिका आहे, आणि तिचं नाव घेतलं की दहांतले आठ जण विचारतात, "ते होते त्यात?"

विनोदाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो सगळ्यांनी पाहिलाय. 'आँखें'मधला इन्स्पेक्टर प्यारे मोहन किंवा 'इश्क'मधला पैशाने आंधळा झालेला बाप, दोन्हीकडे डोळे तेच, अनुनासिक आवाज तोच. फक्त वेळ अर्ध्या क्षणाने पुढे-मागे केली की भीतीच्या जागी हसू येतं. 'हँड्स अप'चा नट तिथे परत भेटतो.

3 नोव्हेंबर 2014 रोजी ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या 'बॉम्बे टॉकीज'मधली दिबाकर बॅनर्जींची गोष्ट घरी गेल्यावर जरूर बघा. नवाजुद्दीन सिद्दीकी एक फसलेला नट आहे, त्याला शूटिंगमध्ये रस्त्यावरून चालत येऊन धक्का खायचं एवढंसं काम मिळतं. त्याची तयारी करताना त्याला त्याचा मेलेला नाट्यगुरू दिसतो. तो गुरू म्हणजे अमरापूरकर. काही मिनिटांचंच काम. आयुष्यभर पडद्यावर दहशत बसवलेला हा माणूस तिथे एका एक्स्ट्राला झापतोय, का, तर त्याने एका उद्गारापुरतं कामही मन लावून करावं म्हणून.