बल्ब उडाला, पण कशामुळे?

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग, संध्याकाळ. भिंतीसमोर उभी हॅचबॅक.)

गाडीचे दिवे तपासायला दुसरा माणूस लागतोच असं नाही. गाडी भिंतीजवळ उभी करा, आधी तोंडाने, मग पाठीने. पार्किंग लावा, डिपर मारा, चारही इंडिकेटर बघा. ब्रेक दाबून मागच्या भिंतीवरचा लाल उजेड आरशातून न्याहाळा. दोन्ही बाजूंना तो सारखाच पडायला हवा. नंबरप्लेटचा दिवा मात्र उतरूनच बघावा लागतो आणि नेमका तोच महिनोन् महिने बंद राहतो.

काही बिघाड गाडी स्वतःच सांगते. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिकू लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब बहुधा उडालेला असतो. मूळ बल्ब काढून एलईडी बसवला तरी अनेक गाड्यांत हेच होतं. एलईडी फारच कमी करंट घेतो आणि फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर टिकटिकवणाऱ्या भागाला, वाटतं बल्ब गेला.

(दृश्य: बॉनेट उघडं, हेडलाइटची मागची बाजू.)

आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत हेडलाइटला एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. एका काचेत दोन तारा: अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, ६० वॉटची आणि लोअरची, म्हणजे जवळच्या झोताची, ५५ वॉटची. दोन्हींपैकी एकच गेली तरी बल्ब पूर्ण बदलायचा. आपल्या गाडीत कोणता बल्ब आहे, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा किंवा जुन्या बल्बच्या धातूच्या कडेवर वाचा. नुसतं ‘हेडलाइटचा बल्ब द्या’ म्हणून दुकानात जाऊ नका. एच-४ आणि एच-७ एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

दिवे बंद करा, चावी काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण नुकताच विझलेला हॅलोजन हात भाजवतो. मग बल्बला वायर जोडणारा तीन पिनांचा कपलर काढायचा. वायरला नव्हे, कपलरच्या अंगाला धरून सरळ मागे ओढा. अडकला असेल तर हळूच डावी-उजवीकडे हलवा. त्यानंतर रबरी टोपी. तिच्या आत तारेची स्प्रिंग क्लिप दिसते. ती आत दाबून बाजूला सरकवली की बल्ब मोकळा होतो. बऱ्याच गाड्यांत एका बाजूला बॅटरी किंवा एअर फिल्टरची डबी आड येते आणि हात जात नाही. तिथे जबरदस्तीने क्लिप वाकवण्यापेक्षा आड येणारा भाग काढणं शहाणपणाचं. वाकलेली क्लिप बल्बला घट्ट धरत नाही, मग प्रत्येक खड्ड्यात उजेड थरथरतो.

काढलेला बल्ब लगेच फेकू नका, उजेडात धरून बघा. काच आतून काळसर-रुपेरी झाली असेल, तर त्याने आपलं आयुष्य पूर्ण केलं आहे. आत पांढरट भुकटी दिसली, तर काचेला तडा जाऊन हवा शिरली. तार स्वच्छ तुटलेली, बल्ब नवा आणि काच निर्मळ असेल, तर धक्का बसला किंवा व्होल्टेज जास्त आहे. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. एकाच गाडीत बल्ब वारंवार उडत असतील, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर दुखणं अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) रेग्युलेटरमध्ये आहे, बल्ब बदलून ते जाणार नाही.

नवा बल्ब नेहमी धातूच्या तळाला धरा. काचेला बोट लागलं की त्वचेचं तेल तिथे चिकटतं, ती जागा जास्त तापते आणि काच तिथेच खराब होते. लागलंच बोट, तर स्पिरिटने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसा आणि वाळू द्या. एच-४ च्या तळाला तीन पाकळ्या असतात. रुंद पाकळी वर ठेवली की बल्ब आपोआप बसतो. हट्टाने फिरवावा लागत असेल तर कुठेतरी चुकतंय. क्लिप लावा, आणि रबरी टोपीची कड चोहोबाजूंनी नीट बसवा. पावसाळ्यात हेडलाइटच्या आत धुकं दिसतं, ते बऱ्याचदा ही टोपी एका कोपऱ्यात दुमडलेली राहिल्याने.

(दृश्य: वितळलेला, तपकिरी पडलेला कपलर.)

हा कपलर जास्त वॉटच्या बल्बने जाळला. ‘उजेड वाढतो’ म्हणून १०० किंवा १३० वॉटचे बल्ब विकले जातात. ६० वॉटला साधारण ५ अँपिअर लागतात, तर १३० वॉटला जवळपास ११. करंट दुप्पट झाला की पिनांच्या सांध्यात उष्णता चौपट होते. शिवाय टोपी आणि हेडलाइटमधला चकचकीत रिफ्लेक्टरही तापून काळवंडतात. उजेड कमी वाटत असेल, तर आधी पुढची काच पिवळी पडली आहे का ते बघा, मग कपलरवर व्होल्टेज मोजा. बल्बपर्यंत पोहोचणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. गंजलेली पिन साफ करून मिळणारा फायदा मोठ्या बल्बच्या तुलनेत खूप स्वस्त आणि सुरक्षित आहे.

अर्थिंगचं, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून परत नेणाऱ्या जोडणीचं, दुखणं ओळखायला सोपं. एका बाजूचा लोअर मंद पेटतो आणि त्याच वेळी अप्परही किंचित मिणमिणतो? तिथली अर्थची वायर सैल किंवा गंजलेली आहे. मागे ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळत असेल, तरी कारण तेच. कोकणच्या खाऱ्या हवेत होल्डरवर हिरवट थर लवकर चढतो. तो घासून काढा.

(दृश्य: डिक्की उघडी, मागच्या दिव्याचं युनिट हातात.)

मागे एकाच बल्बमध्ये टेल (मागचा पार्किंगचा दिवा) आणि ब्रेक असेल, तर त्यात ५ आणि २१ वॉटच्या दोन तारा असतात. त्याच्या बाजूच्या दोन्ही पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर दिलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. तिथे एकाच तारेचा बल्ब रेटून बसवला, तर दोन्ही सर्किट जोडली जातात आणि ब्रेक दाबताच पार्किंगचे दिवेही पेटतात. पिवळ्या इंडिकेटर बल्बच्या पिना तर समोरासमोरही नसतात, ज्यामुळे पांढरा बल्ब त्या होल्डरमध्ये बसत नाही. सगळेच ब्रेकलाइट एकदम बंद पडले, तर आधी फ्यूज आणि मग पेडलजवळचा स्विच बघा.

(दृश्य: पुन्हा भिंत. लोअरचा उजेड.)

बल्ब बदलला की झोत तपासायचाच. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा, टायरमध्ये बरोबर हवा, झोत वर-खाली करणारी आतली लेव्हलची चकती शून्यावर. लोअरची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली दिसायला हवी, आणि डावीकडे ती थोडी वर चढलेली. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा ती चकती पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर फिरवायची.